मदत हवी आहे: उपवासकाळात साधं रांधायचं ठरवलं, पण शुक्रवारी मेजवानीच होऊन जाते

जय ख्रिस्त सर्वांना. अचलपूरकडच्या एका खेड्यातून लिहितेय, गावात आमची ख्रिस्ती घरं तीनच, त्यामुळे विचारायला जवळ कोणी नाही.

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला की, शुक्रवारी मटण-कोंबडी बंद, ते तर दरवर्षीचंच. यावर्षी मला वाटलं की स्वयंपाकच प्रार्थनेसारखा करावा, साधं रांधावं, मोबाईल बाजूला ठेवून. पण मागच्या शुक्रवारी ह्यांनी परतवाड्याहून पनीर आणलं, आज मटण नाही न म्हणून, मग मी काजू वाटले, वर तर्री आणली, पोट्टे खुश, आणि रात्री भांडी घासताना मला एकदम रडूच आलं. नियम पाळला पण त्या पनीरच्या पैशात घरात तीन-चार दिवसांचं बेसन आलं असतं. हे म्हणतात, "रविवार तर चाळीस दिवसांत मोजतच नाही न, मंग रविवारी मटण कराले काय होते?" ते बरोबरच आहे, राखेचा बुधवार ते ईस्टरचा आदला दिवस धरले तर 46 होतात, त्यातले सहा रविवार सोडले की चाळीस, त्यावर माझं भांडण नाही.

आता सासूबाई. वय 68, शुगर आहे. फादरांनी समजावलं की एकवेळच पोटभर जेवायचा उपवास 18 ते 59 वयाच्या लोकांना, तोही राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, तुम्हाला बंधन नाही. डॉक्टरही उपाशी राहू नका म्हणतात. पण त्या म्हणतात "जन्मभर धरला, आता काहून सोडू" आणि शुक्रवारी नुसत्या चहावर राहतात, दुपारी हात थरथरतात.

त्याच सासूबाई ज्वारीचं पीठ परातीत घेतलं की आधी बोटानं त्यावर क्रूस काढतात, मग एक मूठ पीठ वेगळ्या डब्यात टाकतात, मगच गरम पाणी. बायबलमधल्या सारफथच्या विधवेजवळ मूठभरच पीठ होतं, तरी तिनं दुसऱ्याला भाकर दिली, म्हणतात. डबा भरला की शेजारच्या एकट्या म्हातारीकडे जातो. इतकी वर्षं मी हे बघत आले पण घाईत कधी केलं नाही, या आठवड्यात सुरू केलं. प्रभूची प्रार्थना हळूहळू म्हणत बसले तर पीठ थंड झालं आणि भाकरी थापताना कडेनं चिरत गेल्या. तुम्ही हातातलं काम आणि प्रार्थना एकत्र कसं करता, खरंच सांगा.

ह्यांची हरभऱ्याची सोंगणी चालू आहे, उन्हातलं काम, हलकंफुलकं खाऊन चालत नाही. सध्या चून-भाकर, फोडणीचं वरण, तुरीच्या सोल्यांची भाजी आणि वाळवलेल्या हरभऱ्याच्या पाल्याची भाजी असं फिरवतेय. पोट भरेल पण थाट होणार नाही असं अजून काय करता येईल? आणि पोट्ट्यांना पनीर का नाही हे रागावल्याशिवाय कसं सांगितलं कोणी?

सगळ्यांत आधी सासूबाईंचं सांगा, उपवास मोडल्यासारखं वाटणार नाही आणि पोटात काहीतरी जाईल असं काय देऊ? परवा परत शुक्रवार आहे.