आमदार म्हणतात वीजदर आमच्या हातात नाही. मग त्यांच्याकडे लेखी मागायचं काय?

नंदगडकडची_वहिनी

नमस्कार. मी कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, नंदगडच्या बाजूच्या एका गावातली. आमच्या बचत गटाचा हिशोब मी लिहिते आणि मला कन्नड वाचता येतं, म्हणून गटातल्या बायकांनी हा प्रश्न माझ्यावर सोपवलाय.

गेल्या आठवड्यात आमदार गावात येऊन तासभर बोलले. रस्ता मंजूर झालाय, नळाला पाणी लवकरच येईल, दुपारच्या बसचं बघतो, असं सगळं सांगितलं. विजेचा विषय निघाल्यावर म्हणाले, दर आयोग ठरवतो, त्यात आमचं काही चालत नाही. त्यावर सगळे गप्प बसले. पण सभेला आलेल्या बऱ्याच जणींकडे त्या महिन्याचं बिल होतं आणि ते दाखवायलाच त्या आल्या होत्या.

आमच्या घरचंच सांगते. सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन आणि विहिरीवर अर्ध्या एचपीची मोटार. गृहज्योती ही सरकारची मोफत विजेची योजना आल्यापासून बिल शून्य यायचं, नाहीतर शंभराच्या आत. यावेळी एकदम अठराशे पासष्ट रुपये आलं. युनिट २१४. स्थिर आकार ४३५, आणि खाली ३६ पैशांचा कसलातरी अधिभार. सासरे दोन दिवस जेवताना त्याच विषयावर. मोटार बंद ठेवा म्हणतात, म्हणजे पाणी शेंदायचं आम्ही बायकांनी.

सोमवारी आम्ही गटातर्फे आमदारांच्या कार्यालयात जाणार आहोत. डिसेंबरात बेळगावात अधिवेशन आहे, त्याच्या आधी काहीतरी लेखी द्यायचंय. ते म्हणाले ते खरं आहे का? आणि खरं असेल तर आम्ही काय मागावं? कृपया नीट समजावून सांगा, मला ते पुढे बायकांना सांगायचंय.

---

जुना_बिलवाला

वहिनी, मी वीज बिलांच्या कामातच नोकरी काढली, आता निवृत्त आहे. आधी बिल उलगडून सांगतो, मग आमदारांचं.

आमदार म्हणाले ते अर्धं खरं आहे. दर कर्नाटक वीज नियामक आयोग ठरवतो, आमदार नाही आणि मंत्रीही नाही. मार्च २०२५ मध्ये आयोगाने तीन वर्षांचा आदेश काढला. त्यात घरगुती युनिटचा दर ५ रुपये ९० पैशांवरून ५ रुपये ८० पैशांवर आला, म्हणजे दहा पैसे कमी झाला. पण स्थिर आकार किलोवॅटमागे १२० वरून १४५ केला. आणि तो ३६ पैशांचा अधिभार एप्रिल २०२५ पासून लागलाय. वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शन आणि ग्रॅच्युइटीत सरकारचा जो वाटा होता, तो ग्राहकांकडून वसूल करायची ती परवानगी आहे. २०२६-२७ साठी ३५ पैसे, २०२७-२८ साठी ३४.

आता तुमचं बिल. २१४ युनिट गुणिले ५.८० म्हणजे १,२४१ रुपये २० पैसे. मंजूर भार, म्हणजे जोडणीला मंजूर झालेली क्षमता, ३ किलोवॅट असणार, म्हणून ४३५. अधिभार ७७ रुपये ४ पैसे. वर युनिटच्या रकमेवर ९ टक्के वीज कर. बेरीज बरोबर येते, हिशोबात चूक नाही.

फटका बसला तो दरामुळे नव्हे, २०० ची रेघ ओलांडल्यामुळे. गृहज्योतीत २०२२-२३ मधल्या तुमच्या सरासरी वापरावर १० टक्के वाढवून जो आकडा येतो तेवढी वीज मोफत. त्याहून जास्त पण २०० च्या आत असाल तर फक्त वरच्या युनिटचे पैसे. २०० च्या वर एक युनिट जरी गेलं तरी सगळंच्या सगळं बिल भरायचं.

म्हणून एक करा की. बिलावर मागच्या आणि या रीडिंगची तारीख असते, दोन्ही बघून इथं सांगा. आणि मोटार बंद करू नका. अर्ध्या एचपीची मोटार रोज तासभर चालली तरी महिन्याला दहा-बारा युनिटच खाते.

---

टिळकवाडीतला_भाडेकरू

बिलवाले काकांनी सांगितलेलं भाडेकरूंनाही लागू आहे. जिथं जुन्या वापराची नोंदच नाही तिथं ५३ युनिटची सरासरी धरतात, वर १० टक्के, म्हणजे ५८. खोली बदलली की जुना आर.आर. नंबर (वीज जोडणीचा नंबर) आधारवरून काढून नवा जोडायचा, सेवा सिंधू या सरकारी संकेतस्थळावर होतं. मी ते केलं नव्हतं तोवर नव्या खोलीचं पूर्ण बिल भरत होतो. घरमालक सांगत नाहीत, त्यामुळे इथं लिहिलं.

---

नंदगडकडची_वहिनी

काका, तारखा बघितल्या. दोन रीडिंगमध्ये ३६ दिवस आहेत! मग आमच्या आळीतली बिलं गोळा केली. सगळ्यांचं तसंच. मीटर बघणारा मुलगा पावसामुळे उशिरा आला होता, ते आम्हाला आठवतंय, त्या मुलाला मी दोष देत नाही. ज्यांचा वापर कमी त्यांना काही फरक पडला नाही. पण मोठ्या कुटुंबाची चार-पाच घरं २०० च्या वर गेलीत. आमचं २०२२-२३ चं प्रमाण वरचे १० टक्के धरून १६५ युनिट आहे, ते बिलावरच छापलंय.

---

जुना_बिलवाला

मला हेच वाटत होतं. २१४ भागिले ३६ गुणिले ३० केलं तर १७८ येतात. म्हणजे तीस दिवसांचा तुमचा वापर २०० च्या आत आहे. १६५ मोफत आणि वरच्या १३ युनिटचे पैसे, म्हणजे कर-अधिभार धरून शंभराच्या आत. अठराशे पासष्ट कुठे आणि शंभर कुठे! योजनेची मर्यादा महिन्याची आहे आणि महिना काही ३६ दिवसांचा होत नाही. हे वीज कंपनीच्या उपविभागाच्या कार्यालयात लेखी द्या, दोन्ही बिलांच्या झेरॉक्स जोडा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. प्रत्येक घराचा अर्ज वेगळा. एकच सामूहिक निवेदन दिलं की ते फाईलला लागतं आणि कुणाच्याच बिलाचं काही होत नाही, हे मी आत बसून बघितलंय.

---

चव्हाट_गल्ली

मी वकिली करतो, म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो.

वीज कायदा २००३, कलम ५६. बिल थकलं म्हणून जोडणी तोडायची असेल तर पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शिवाय वाद असेल तर मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम हरकत नोंदवून भरली की तोडता येत नाही. वहिनी, हे बायकांना जरूर सांगा, कारण लाईट तोडतील या भीतीनेच लोक उसने काढून बिल भरतात. उपविभागाने ऐकलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर लोकपाल आहे. कलम ४२ मध्ये दोन्ही येतात.

आता आमदारांचं. "आमचं काही चालत नाही" यावर माझी हरकत आहे. कलम ६५ नुसार सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर तेवढे पैसे वीज कंपनीला आगाऊ द्यावे लागतात, आणि ते पैसे अर्थसंकल्पातून येतात. अर्थसंकल्प विधानसभाच मंजूर करते. पेन्शनचा वाटा सरकारने पुन्हा स्वतःकडे घ्यावा, ही मागणी आमदार सभागृहात करू शकतात. कलम ६४ नुसार दरवाढीच्या अर्जावर आयोगाकडे हरकत कुणालाही घेता येते, आमदारालाही. तालुक्याच्या केडीपी (कर्नाटक विकास कार्यक्रम) आढावा बैठकीत वीज कंपनीचे अधिकारी त्यांच्यासमोर बसलेले असतात. तिथं विचारलं की उत्तर द्यावंच लागतं.

आणि अधिवेशनाचं तर तुम्हीच लिहिलंय. २०१२ मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध ही अधिवेशनाची इमारत उभी राहिली ती याच भागाचे प्रश्न इथं सुटावेत म्हणून. तेव्हा त्यांना भाषण मागू नका, प्रश्न मागा. लेखी उत्तराचा प्रश्न टाकला की मंत्र्यांना आकडे द्यावे लागतात: खानापूर तालुक्यात किती घरांचं रीडिंग तीस दिवसांहून उशिरा झालं, त्यातली किती २०० च्या वर गेली, किती रक्कम वसूल झाली. हे आकडे एकदा कागदावर आले की तुमचं काम निम्मं झालं. प्रश्नाची सूचना बरीच आधी द्यावी लागते, म्हणून सोमवार चुकवू नका.

---

निपाणीकर

एक भर घालतो. दरवाढीवर हरकती मागवल्याची जाहिरात कधी येते ते आमच्याकडे कुणाला कळत नाही, कारण ती मराठीत नसते. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेतच ठरलंय. खानापुरात आपण त्याहून किती जास्त आहोत! आमदार मतं मागायला मराठीत बोलतात, तर वीज, पाणी, बस यांचं काय झालं ते सांगणारं एक पानही मराठीत काढून पंचायतीत लावावं. कन्नडमध्येही लावावं, शेजारच्या घरात कन्नड बोलणारे आहेतच आणि बिल त्यांचंही तेच आहे.

---

नंदगडकडची_वहिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री गटाच्या बैठकीत हे सगळं वाचून दाखवलं. म्हाताऱ्या काकूंना सहा महिन्यांच्या सरासरीचं परत परत समजावून सांगावं लागलं, पण कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

आमदारांच्या कागदावर तीनच गोष्टी ठेवल्यात. उशिराच्या रीडिंगचा प्रश्न अधिवेशनात विचारावा आणि उत्तराची प्रत आम्हाला द्यावी. पेन्शनचा अधिभार सरकारने उचलावा यासाठी सभागृहात बोलावं. आणि निपाणीकरांनी सांगितलेलं पान. रस्ता आणि बस यात घातले नाहीत, त्यासाठी पंचायतीकडून ठराव जाणार आहे. जांबोटी, कणकुंबीकडच्या बायका म्हणतात पावसात आमच्याकडे लाईटच चार-चार दिवस नसते, बिलाचं कसलं घेऊन बसलात. त्यांचंही खरं आहे, त्यांना त्यांचा वेगळा कागद लिहून द्यायचं मी कबूल केलंय.

आळीतल्या घरांचे अर्ज लिहून झालेत. काका, तुम्ही सांगितलं तसे वेगवेगळे. अर्जात रीडिंगच्या तारखा आधी लिहायच्या की युनिटचा हिशोब, एवढं आज सांगा, उद्या सकाळच्या बसने आम्ही निघतोय.

---

जुना_बिलवाला

तारखा आधी. पहिल्या ओळीत आर.आर. नंबर, दुसऱ्या ओळीत दोन्ही तारखा आणि मधले ३६ दिवस, मग हिशोब. शेवटी "बिल दुरुस्त करून मिळावं, तोवर जोडणी तोडू नये" एवढंच लिहा. कन्नडमध्ये लिहिता येत असेल तर दोन्ही भाषांत द्या, टेबलावरच्या माणसाला लगेच वाचता येतं.