वडिलांची ट्रंक उघडली: तारेवरची पत्रं, चिकटलेले फोटो, कॅसेटी. आधी काय हातात घ्यावं?

मोतीतलाव

अण्णा (वडील) ८१ वर्षांचे, एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. सावंतवाडीचं घर रंगवायला काढलंय म्हणून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत हे आहे:

– तारेला टोचलेली पत्रं, वीतभर जाड गठ्ठा. पोस्टकार्डं आणि अंतर्देशीय जास्त. भोकांभोवती गंज.
– काळ्या पानांचा, कोपरे लावलेला अल्बम. लहान चौकोनी कृष्णधवल फोटो.
– चिकट पानांचा अल्बम, ८०-९० च्या दशकातले रंगीत फोटो. एकही निघत नाही.
– आजी-आजोबांचा फ्रेममधला फोटो, हाताने रंग भरलेला. काचेला चिकटलाय.
– दहाबारा कॅसेटी, त्यांत आजीच्या जात्यावरच्या ओव्या. दोन कॅसेटींच्या फितीवर पांढरं काहीतरी दिसतंय.
– चार-पाच मोडी कागद.

अण्णांना कमी दिसतं, पण स्मरण उत्तम. फक्त "हे कोणत्या साली?" विचारलं की वैतागतात. दिवाळीत सगळी भावंडं आठवडाभर घरी असतील, तेव्हा काम उरकावं असा बेत आहे. फोटो स्टुडिओवाला म्हणतो, सगळं लॅमिनेट करून टाका. करू का?

जुनीपेटी

लॅमिनेशन अजिबात नको. गरम गोंद फोटोच्या थरात उतरतो आणि नंतर तो कुणालाही काढता येत नाही. आत ओल राहिली असेल तर बुरशी आतच वाढते.

त्याआधी एक तातडीचं. रंगकाम चालू आहे ना? ट्रंक त्या घरात ठेवू नका. ऑइलपेंटच्या वाफांनी कृष्णधवल फोटोतली चांदी बिघडते, कडांना निळसर आरशासारखी झाक येते किंवा पिवळे डाग पडतात. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान महिनाभर, सामान शेजारी किंवा नातेवाइकांकडे असू द्या. अशी झाक आधीच आली असेल तर पुसायला जाऊ नका, पुसल्याने ओरखडेच उठतात.

चिकट अल्बम: वरचं प्लास्टिक उचला आणि आधी आख्ख्या पानाचा एक फोटो घ्या, म्हणजे क्रम आणि बाजूला लिहिलेलं काही असेल तर राहील. मग बारीक नायलॉनचा दोरा किंवा बिनवासाचा डेंटल फ्लॉस फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवा आणि दोन्ही हातांनी करवतीसारखा पुढेमागे ओढत न्या. वाकवायचं ते पान, फोटो सपाट राहिला पाहिजे. फोटो वाकला की वरच्या थराला भेग पडते आणि ती स्कॅनमध्ये पांढऱ्या रेघेसारखी दिसते. अडला तर पानाच्या मागून हेअर ड्रायर, सर्वांत कमी उष्णतेवर वीस-तीस सेकंद, मग परत दोरा. तरीही हलला नाही तर सोडून द्या, पान शिवणीपासून कापून पानासकट स्कॅन करा. रॉकेल, पेट्रोल, खोबरेल, पाणी यांतलं काहीही लावू नका.

काचेला चिकटलेला फोटो सोडवायचाच नाही. हाताने भरलेले रंग बहुधा पाण्यात विरघळणारे असतात, म्हणून "भिजवला की सुटतो" हा सल्ला इथे घातक. काच बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, फ्रेम अंगणात सावलीत उभी करा, मोबाइलच्या मागे काळं कापड धरा (लेन्सपुरतं भोक ठेवून) आणि पाचेक फुटांवरून दुप्पट झूम करून फोटो घ्या. काळ्या कापडामुळे काचेत तुमचं प्रतिबिंब उमटत नाही. नंतर त्याच काचेसकट नवीन फ्रेम. इतर फोटो फ्रेम कराल तेव्हा काच आणि फोटो यांच्यात जाड माउंटबोर्डची चौकट घालायला सांगा. फ्रेमवाले ती पैसे वाचवायला गाळतात आणि पावसाळ्यात फोटो काचेला जाऊन बसतो. पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर तर काहीच टांगू नये.

काळ्या पानांवरचे चौकोनी फोटो सव्वादोन इंचांचे असतील तर ते १२० फिल्मचे थेट निगेटिव्हएवढे छापलेले प्रिंट. आग्फा क्लिक थ्रीसारख्या डबा कॅमेऱ्यात एका रोलवर असे बारा निघत. निगेटिव्हचं पाकीट ट्रंकेत आहे का ते आधी शोधा, कारण निगेटिव्हमध्ये प्रिंटपेक्षा तपशील जास्त असतो. निगेटिव्ह नसल्यास हे छोटे प्रिंट १२०० डीपीआयला स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० पुरे, म्हणजे ४ x ६ इंचाला २४०० x ३६०० पिक्सेल. कृष्णधवलही रंगीत मोडवरच. स्कॅनरची "ऑटो करेक्शन" बंद. मूळ फाइल टिफमध्ये (वरच्या मापाला साधारण २५ एमबी), वाटायला जेपेगची प्रत.

पहिला क्रम रंगीत फोटोंचा लावा. त्यांचे रंग अंधारातही उडत असतात, लालसर पडलेले दिसतील. कृष्णधवल आणखी दहा वर्षं थांबू शकतात.

टपालशिक्का

वरच्या क्रमाशी असहमत. पहिलं काम ना रंगीत फोटोंचं, ना कृष्णधवलचं. फोटोतल्या माणसांची नावं सांगू शकणारी व्यक्ती ८१ वर्षांची आहे, तेव्हा पहिलं काम अण्णांचं. स्कॅनिंग नंतर मुंबई-पुण्यातही होईल. दिवाळीचा आठवडा मोबाइलने कामचलाऊ फोटो काढून फक्त नावं, जागा आणि प्रसंग उतरवण्यात घालवा.

साल विचारू नका. माणसाला साल आठवत नाही, बदली आठवते. एस.टी.तला माणूस म्हणजे "हा फोटो मालवणला असताना की देवगडला?" हा प्रश्न. सेवापुस्तकाची प्रत, बदलीचे आदेश, जुन्या पगारपावत्या काही सापडलं तर आधी डेपो आणि तारखांचा एक कागद करा आणि बाकी सगळं त्यावर लटकवा. त्याच्या जोडीला घरातल्या खुणा: धाकटीचा जन्म झाला होता का, वीज आली होती का, विहीर पाडली होती का. आणि गावाच्या खुणा: गोवा मुक्त झाला (डिसेंबर १९६१), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७ ची पहाट), आणीबाणी (१९७५), सिंधुदुर्ग जिल्हा झाला (१ मे १९८१), कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली (जानेवारी १९९८). "भूकंपाच्या आधी की नंतर" याला उत्तर लगेच येतं.

दिसत कमी आहे तर फोटो हातात देऊ नका, टीव्हीवर मोठा दाखवा. समूहफोटोची झेरॉक्सवाल्याकडून ए-फोर प्रत काढा, प्रत्येक डोक्यावर पेनाने क्रमांक घाला आणि क्रमांकानेच विचारा. "मागच्या रांगेतले ते टोपीवाले" म्हणत बसलं की वहीत घोळ होतो. विचारणारा एकच हवा. चार भावंडं एकदम बोलायला लागली की अण्णा गप्प होतील आणि रेकॉर्डिंगही वाया. पंखा बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर, हातभर अंतरावर. अर्धा-पाऊण तास, सकाळी चहानंतर. सुरुवातीला तारीख, जागा आणि कोण कोण बसलंय ते मोठ्याने बोलून घ्या. चुकलेलं साल तिथल्या तिथे दुरुस्त करू नका, वहीत खूण करून पुढे चला.

आता पत्रं. तारेवरचा क्रम हाच कालक्रम आहे, सर्वांत खालचं सर्वांत जुनं. म्हणून टोकाच्या आकड्यावरून एकेक ओढून काढू नका, गंजलेल्या वळणावर भोकं फाटतात. पक्कडीने वरचा आकडा कापा, तार सरळ करा, उरलेली टोकदार कड कानशीने घासा आणि पत्रं हळूहळू वर सरकवून काढा. निघतील तसा मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने (टू बी) क्रमांक. बॉलपेन नाही, त्याचा दाब पुढच्या बाजूला उठतो. टाचण्या आणि स्टेपल ओढू नका, मागचे पाय उलगडून काढा. रबरबँड वितळून चिकटला असेल तर सुकलेला भाग तेवढा नखाने काढा.

तारीख नसलेल्या पत्रांसाठी खुणा: पोस्टाचा शिक्का तिरप्या उजेडात पाहा, पुष्कळदा वाचता येतो. तिकिटावर "नये पैसे" असेल तर छपाई १९५७ ते १९६४ मधली. पत्त्यात पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. "सावंतवाडी, जि. रत्नागिरी" म्हणजे बहुधा मे १९८१ च्या आधीचं (बहुधा, कारण लोक सवयीने जुना जिल्हा पुढेही लिहीत राहिले). "जि. कुलाबा" म्हणजे रायगड नाव पडण्याआधीचं, "दक्षिण सातारा" म्हणजे आजच्या सांगलीकडून १९६० किंवा आधी आलेलं. शके लिहिलेलं असेल तर ७८ मिळवा. मिती जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची असेल तर ७९. एस.टी.समोर उभं राहून काढलेल्या फोटोत गाडीची पाटी वाचा: "एमएच"नंतर लगेच आकडे असतील तर फोटो १९८९ किंवा नंतरचा.

फीतवाला

कॅसेटींबद्दल कुणी बोललं नाही. ओव्या असलेल्या कॅसेटीला दुसरी प्रत बहुधा जगात नाही, तेव्हा घाई करू नका.

पांढरं म्हणजे बुरशी. त्या दोन्ही झिपच्या पिशवीत वेगळ्या ठेवा आणि कुठल्याही यंत्रात घालू नका. यंत्राच्या हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागलेली बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते, शिवाय सुटी बुरशी नाकात जाणं बरं नाही, हाताळताना मास्क लावा. त्या दोन जाणकाराकडेच द्या.

बाकीच्या कॅसेटी आधी यंत्रात न घालता तपासा. कॅसेटीच्या वरच्या कडेचे दोन्ही चौकोनी दात मोडून टाका, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं तरी वर काही रेकॉर्ड होणार नाही. फितीमागचा छोटा फेल्टचा तुकडा जागेवर आहे का पाहा. तो गळला असेल तर आवाज दबका आणि हेलकावत येतो. तो तुकडा किंवा फीत दुसऱ्या, स्क्रूने उघडणाऱ्या कॅसेटीत बसवता येते. षटकोनी पेन्सिल घालून चक्री फिरवून बघा, जड लागली तर यंत्राने ओढू देऊ नका. फीत तुटली असल्यास साधी सेलोटेप नको, तिचा गोंद पसरतो आणि पुढचा वेढा चिकटतो. फीत जोडायची खास स्प्लायसिंग टेप मिळते.

घरातला जुना टू-इन-वन थेट लावू नका. वर्षानुवर्षं बंद यंत्रातला रबरी पट्टा डांबरासारखा वितळलेला असतो. पट्टा बदलून, हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसून, आधी एखादं जुनं टाकाऊ भावगीत लावून पाहा. मग खरी कॅसेट एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे, आणि नंतरच प्ले.

जोडणी: टेपच्या इअरफोन सॉकेटमधून यूएसबी साउंड कार्डाच्या लाइन-इनला. लॅपटॉपच्या माइक सॉकेटला लावलं तर आवाज फाटतो. टेपचा आवाज निम्म्याखाली, ऑडेसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. डब्ल्यूएव्ही, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट. साठ मिनिटांच्या कॅसेटीला सुमारे ६०० एमबी लागतात. आवाज घोगरा, पांघरुणाखालून आल्यासारखा वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू बारीक पेचकसाने कणभर फिरवा. "स" आणि "श" स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटीसाठी हे परत करावं लागतं. खरखर काढणं फक्त प्रतीवर, मूळ फाइल जशीच्या तशी. जास्त खरखर काढली की आधी जात्याची घरघर जाते, आणि ओव्या त्या घरघरीच्या लयीतच म्हटलेल्या असतात.

मोतीतलाव

फार उपयोगी. दोन शंका. हे सगळं परत ट्रंकेतच डांबरगोळ्या घालून ठेवलं तर चालेल ना? आणि मोडी कागदांचं काय?

जुनीपेटी

डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ काही प्रकारचं प्लास्टिक मऊ करते आणि अल्बमची पाकिटं फोटोला चिकटतात. कसर लागते ती ओल आणि खळ-गोंद यांमुळे, आधी ते दूर करा. फोटो साध्या पांढऱ्या, बिनछापील कागदाच्या पाकिटात. प्लास्टिक घ्यायचंच तर पॉलिप्रॉपिलीन, वास येणारं मऊ पीव्हीसी नाही. तळाला वर्तमानपत्र अंथरायचं नाही, त्याचं आम्ल कागद पिवळा करतं. ट्रंक चालेल, पण गंज खरवडून, जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीला न टेकवता, आणि माळ्यावर नाही, तिथे कौलांखाली उन्हाळ्यात भट्टी असते.

कोकणात खरी गोम वेळेची. दिवाळीत हवेत ओल असते. तेव्हा डबा घट्ट बंद केला तर ओल आतच कोंडते. पाकिटं आता भरा, पण झाकण लावा पौष-माघात, दोन-तीन कोरडे दिवस सामान सावलीत उघडं ठेवून. आत सिलिका जेलच्या कापडी पुरचुंड्या. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे झाले की तापवून परत वापरायचे. निळ्यात कोबाल्ट असतं, त्यासाठी स्वयंपाकाची कढई वापरू नका.

टपालशिक्का

मोडीची घडी उलगडताना कडकड आवाज आला तर थांबा, ओढून सपाट करू नका. जेवढं दिसतंय तेवढ्याचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे चौकशी केली तर वाचणारे मिळतील. घरच्या ट्रंकेतला मोडी कागद म्हणजे पुष्कळदा खरेदीखत, गहाणखत किंवा वाटणीपत्र. जमिनीचा विषय निघू शकतो, तेव्हा वाचून होईपर्यंत त्याचे फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकू नका.

आणि बाकीचे फोटो टाकाल ते "डॉक्युमेंट" म्हणून. साध्या पद्धतीने पाठवले की व्हॉट्सअॅप ते लहान करतं आणि फाइलमध्ये लिहिलेली माहिती काढून टाकते. नावं फाइलच्या नावातच घाला: "१९६८ सुमारे – वेंगुर्ले – बारसं – ०३". मूळ फाइलींच्या तीन प्रती: एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या भावंडाकडे दुसऱ्या गावात, एक क्लाउडवर.