मदत हवी आहे : दस्तऐवज संग्रहातील पैलूनिहाय शोध

सर्वांना नमस्कार. नागपुरातील एका जुन्या वाचनालयाचे हजारो दस्तऐवज स्कॅन करून सोलर (Solr) या शोधप्रणालीवर शोधासाठी ठेवण्याचे काम मी करीत आहे. वाचकाला विषय, ठिकाण, काळ व भाषा या पैलूंनुसार यादी टप्प्याटप्प्याने लहान करता यावी, हा हेतू आहे. (पैलूंची ही कल्पना ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ मध्येच द्विबिंदू वर्गीकरण या ग्रंथवर्गीकरणाच्या पद्धतीत मांडली होती, याचा मला फार आदर वाटतो.)

अडचण ठिकाणाच्या पैलूत आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द काही नोंदींत ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, तर काहींत ‘र’, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) व अदृश्य जोडचिन्ह (ZWJ) वापरून टंकित झाल्यामुळे, डोळ्यांना सारखाच दिसत असूनही, यादीत दोनदा येतो आणि नेहमीच्या युनिकोड प्रमाणीकरणाने (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या संगणकीय रूपांना एकरूप करण्याच्या प्रक्रियेने) ही रूपे एक होत नाहीत. अनुक्रमणापूर्वी (शोधासाठीची सूची तयार होण्याआधी) अक्षरबदल करावा, की मूळ नोंदीच दुरुस्त कराव्यात?

शिवाय गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला, तेव्हा आता गडचिरोलीत असलेल्या अहेरीचा १९६५ चा कागद कोणत्या जिल्ह्याखाली दाखवावा? दोन्हींखाली दाखवणे मला योग्य वाटते, परंतु त्यामुळे जिल्हानिहाय आकड्यांची बेरीज एकूण कागदांपेक्षा जास्त दिसेल. असे काम केलेल्यांनी कृपया अनुभव सांगावा.