मदत हवी आहे: पाऊस पडला की चौकटीतून पंखवाले किडे निघतात

परवा संध्याकाळी पाऊस थांबला, हवा कोंदट झाली आणि तासाभरात ट्यूबलाइटभोवती किड्यांचा नुसता गराडा. सकाळी खिडकीखाली पंखांचा खच! एक उचलून भिंगाखाली पाहिला: चारही पंख एकसारख्या लांबीचे, मिशा सरळ, कंबर नाहीच. म्हणजे उडत्या मुंग्या नव्हेत (त्यांचे मागचे पंख आखूड, कंबर बारीक), वाळवीच.

दिव्याला बाहेरून आले असते तर एवढी काळजी नव्हती. पण काही चक्क दाराच्या चौकटीच्या फटीतून बाहेर पडताना दिसले. चौकट ठोकली तर खालचा वीतभर भाग पोकळ वाजतो. फट लगेच बुजवू, की आधी लाकूड उकरून पाहू? कोरड्या दिवसांत वाळवी मरते की नुसती दडून बसते? कोणी अनुभव घेतलाय का?