मदत हवी आहे: छोट्या बाथरूमसाठी पायाला गार न लागणारी आणि पाण्याला टिकणारी फरशी कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी, सोलापुरात जुन्या पेठेत तळमजल्यावर आमचं घर आहे. बाथरूम साडेचार बाय सहा फूट, संडास वेगळा, आणि खाली आजोबांच्या काळातली शहाबादी. ती आता जागोजागी खरबडलीय, सांध्यांत पाणी मुरून शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल येते, म्हणून दिवाळीच्या आत काम उरकायचंय.

मुख्य प्रश्न आईचा आहे. वय सत्तरीच्या पुढं, दोन्ही गुडघ्यांना संधिवात, आणि पहाटे पाचची आंघोळ तिनं आयुष्यात चुकवलेली नाही. कुणी म्हणेल सोलापुरात कसली थंडी, उन्हाळ्यात ४२-४३ डिग्रीत भाजून निघतो आपण, पण जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे त्या दगडावर अनवाणी उभं राहून बघा, कळ थेट गुडघ्यात जाते असं ती म्हणते. आमच्याकडं शॉवर नाही, बादली आणि तांब्या, कपडेपण तिथंच धुतले जातात, म्हणजे कोरडा कोपरा असा नाहीच. नळाला रोज पाणी नसतं त्यामुळं वापरायला बोअरचं, ते इतकं क्षाराचं की आठवड्यात पांढरा थर धरतो.

पुण्याचा मामेभाऊ म्हणतो एसपीसी (दगडाची पूड आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्या) टाक, लाकडासारखं दिसतं, गार लागत नाही, वॉटरप्रूफ असतं. गवंडी म्हणतो कोटा दगड घाला, पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. दुकानदार दोन बाय चारच्या चकचकीत टाइल्स दाखवतोय, सांधे कमी येतात म्हणून, पण ओल्या चकचकीत फरशीवर आई उभी राहणार या विचारानंच माझ्या पोटात गोळा येतो. खाली थर्माकोल घालून किंवा विजेची हीटिंग मॅट टाकून काही होतं का? बजेट फार नाही पण या एका खोलीसाठी हात आखडणार नाही. वापरलेल्यांनीच सांगा प्लीज.

प्रतिसाद

मी टाइल्सची कामं घेतो म्हणून सांगतो, एसपीसी तुमच्या बाथरूमला नको. फळी पाण्यानं फुगत नाही हे खरं, पण ती सपाट जमिनीसाठी असते आणि तुम्हाला नहाणी ट्रॅपकडं, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडं, ढाळ लागणार, शिवाय बादलीचं पाणी सांध्यांतून खाली जाऊन साचतं आणि वास मारतं. कोटा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचेच दगड. बोअरच्या पाण्याचा थर काढायला तुम्ही कधी ना कधी ॲसिड वापरणार आणि ते क्षाराबरोबर दगडपण खाणार, तुमची शहाबादी खरबडली त्यातही हे असणारच. मॅट (चकाकी नसलेली) व्हिट्रिफाइड, म्हणजे घट्ट भाजलेली टाइल घ्या, एक बाय एक फुटाची. ती पाणी जवळजवळ पीत नाही, आणि लहान असल्यामुळं चारी बाजूंनी ढाळ नीट देता येतो, मोठ्या टाइलला एवढ्याशा जागेत कापाकापी करावी लागते. सांधे इपॉक्सीनं (पाणी न शोषणाऱ्या रेझिनच्या भरावानं) भरा, साध्या सिमेंटचे काळे पडतात. रंग फिकट घ्या, गडद रंगावर क्षार लगेच दिसतो. बॉक्सवर आर १० किंवा आर ११ असा न घसरण्याचा दर्जा लिहिलेला असतो पण ती चाचणी बूट घालून केलेली असते, त्यापेक्षा दुकानातच टाइलवर साबणाचं पाणी ओता आणि आईंना हात धरून अनवाणी उभं करून विचारा.

आणि जुनी फरशी उखडाच, वरून चिकटवू नका. वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवा, टाइल त्यानंतर. ओलीचं मूळ फरशीच्या खाली आहे, टाइलमध्ये नाही.

प्रतिसाद

गारव्याचं बोलते, माझ्या सासूबाईंसाठी हे सगळं केलंय. कुठलीही टाइल किंवा दगड गारच लागतो कारण तो पायातली ऊब पटकन ओढून घेतो, खाली थर्माकोल घातला तरी पाय टेकताना फरक जाणवत नाही. हीटिंग मॅट थंडीच्या दीड महिन्यासाठी कशाला, त्यात कपडे धुण्याची जागा. पायाखाली रबराची भोकं असलेली जाड मॅट घ्या, वजनदार. खाली चिकटायच्या रबरी वाट्या असतात ती घेऊ नका, चकाकी नसलेल्या टाइलच्या खरखरीत पृष्ठभागाला त्या धरत नाहीत आणि पायाखालची मॅटच सरकते. रोज उभी करून वाळवायची, नाहीतर खालून बुळबुळीत होते. आंघोळीआधी दोन तांबे गरम पाणी फरशीवर ओता, पातळ टाइल लगेच कोमट होते, जाड शहाबादीला ते जमत नाही. आणि टाइल लावायच्या आधीच भिंतीत धरायच्या दांडीची जागा ठरवा, एक नळाजवळ, एक दारात.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. दांडीचं डोक्यातच आलं नव्हतं. एक बाय एकची मॅट टाइल, इपॉक्सी आणि पायाखाली रबराची मॅट एवढं पक्कं करतो, उद्या आईला घेऊनच दुकानात जातो. फक्त एक राहिलं: आई स्टुलावर बसून आंघोळ करते आणि उठताना दांडी धरणार, तर दांडी जमिनीपासून किती उंचीवर लावू? तिची उंची पाच फुटांच्या जरा खाली आहे.

प्रतिसाद

आकडा विचारू नका. आईंना स्टुलावर बसवा, उठताना हात आपसूक कुठं जातो बघा आणि तिथं खडूनं खूण करा. दारातली दांडी मात्र उभ्यानं धरायची असते, तिची खूण वेगळी घ्या. भिंत जुनी विटांची असेल तर गवंड्याला लांब बोल्ट वापरायला सांगा, आणि आईंनी धरण्याआधी तुम्ही स्वतः पूर्ण जोर देऊन ओढून बघा.