बार्बाडोस: ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट की किचनवाला फ्लॅट?

गारवा: डिसेंबरात न्यू जर्सीहून बार्बाडोसला जातोय. आम्ही दोघं, सातवीतली लेक आणि शाकाहारी सासूबाई. नवऱ्याला पश्चिम किनाऱ्यावरचं ऑल-इन्क्लुझिव्ह हवंय, खाणंपिणं त्यातच, डोक्याला ताप नाही. मला दक्षिणेला सेंट लॉरेन्स गॅपजवळ किचनवाला फ्लॅट हवाय. माझं मत ठाम आहे: जेमतेम 34 किलोमीटर लांबीच्या बेटावर जायचं आणि मनगटाला रिसॉर्टचा पट्टा बांधून एकाच आवारात बसायचं, म्हणजे पैसे मोजून स्थानबद्धता. खोडून दाखवा.

फिरस्ता_अण्णा: खोडतो. पश्चिमेला कॅरिबियन समुद्र आहे, बहुतेक दिवस तळ्यासारखा. सासूबाई बिनधास्त कमरेभर पाण्यात उभ्या राहतील. दक्षिणेला लाटा जास्त, काही ठिकाणी पाण्याला ओढही असते. दुसरं, बेटावर बराचसा किराणा बाहेरून येतो. चीज, दही, फळं यांच्या किमती बघून तुमची फ्लॅटची बचत तिथल्या सुपरमार्केटातच विरघळेल. आणि सुट्टीत पोळ्या कोण लाटणार?

तिरफळ: पोळ्या नवरा लाटेल! अण्णा, ऑल-इन्क्लुझिव्हच्या दरात दारू आणि मासे धरलेले असतात. सासूबाई रमही घेणार नाहीत आणि लॉब्स्टरही खाणार नाहीत. त्यांच्या वाट्याला सॅलड आणि मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), तोही अंडं नाही ना विचारून. बाहेर बटाटा-छोल्यांचं सारण भरलेली वेस्ट इंडियन रोटी मिळते, ती पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडच्याच लोकांनी तिकडे नेलेली. शिवाय बार्बाडोसचे किनारे सगळ्यांना खुले आहेत. राहा दक्षिणेला, पोहायला जा पश्चिमेला. बसचं तिकीट अंतर कितीही असो, साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकन.

फिरस्ता_अण्णा: तिथे बससारख्या धावणाऱ्या त्या पांढऱ्या खासगी झेडआर व्हॅनमध्ये बसलायत कधी? गाणी कानठळ्या बसवणारी, माणसं कोंबलेली, वळणावर जीव मुठीत. मला स्वतःला मजा येते, पण सासूबाईंना? त्यात राजधानी ब्रिजटाउनला गाडी बदलायची. टॅक्सीला मीटर नसतो, चढण्याआधी भाडं ठरवावं लागतं. चार दिवस ये-जा केलीत की रिसॉर्टच्या दरातला फरक निघून गेला.

खारा_वारा: दोघंही पूर्वेबद्दल गप्प, म्हणून सांगतो. बाथशीबाचे फोटो भुरळ घालतात, पण तिथे अटलांटिक आहे, पोहायचं नाव काढू नका. 2011 पासून सरगॅसम हे तरंगतं शेवाळ पूर्वेला आणि आग्नेयेला ढिगांनी येतं, कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास. हिवाळ्यात त्रास सहसा कमी, तरी त्या बाजूचं 'सवलतीतलं' हॉटेल घेताना ताजे फोटो मागवा. वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, तेव्हा डिसेंबर उत्तम. 2024 चा वर्ल्ड कप जिंकून आपली टीम बेरिल वादळामुळे ब्रिजटाउनच्या हॉटेलात अडकली होती, ते जून-जुलैत.

गारवा: केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान बघायचंच आहे, नवऱ्याची एकमेव अट. सासूबाई रत्नागिरीच्या, माशाच्या वासाचं त्यांना काही नाही, त्यामुळे शुक्रवारी रात्री दक्षिणेच्या ऑइस्टिन्स या कोळ्यांच्या गावी भाजलेल्या माशांच्या गर्दीतही येतील. पण लाटांचा मुद्दा खरा आहे.

खारा_वारा: मग पश्चिम किनाऱ्यावरच्या होलटाउनमध्ये फ्लॅट बघा. समुद्र अण्णांचा, किचन तुमचं, दुकानं पायी. फक्त घर रस्त्याच्या कोणत्या बाजूला ते विचारा. किनारा आणि बरीच घरं यांच्यामधून मोठा रस्ता जातो, आणि जाहिरातीत 'समुद्रापासून दोन मिनिटं' एवढंच लिहितात.

फिरस्ता_अण्णा: ख्रिसमसच्या आठवड्यात होलटाउनचं भाडं बघा आणि मग बोला.

गारवा: आम्ही 14 तारखेला परततोय, दर चढायच्या आत. आता फक्त समुद्राच्या बाजूची घरं बघते. पट्टा तर नाहीच.

तिरफळ: आणि लाटणं सामानात टाका, तिथे मिळेलच असं नाही.