ब्रिटनमधील घर, परदेशस्थ मालक आणि ५ एप्रिल २०१५ चा भाव

मूळ मुद्दा

ब्रिटनबाहेर राहणाऱ्या मालकांना तिथल्या निवासी मालमत्तेच्या विक्रीवर ६ एप्रिल २०१५ पासून भांडवली नफा कर लागू झाला. त्याआधी घेतलेल्या घरासाठी साधारणपणे ५ एप्रिल २०१५ चा बाजारभाव हीच खरेदी किंमत मानली जाते. सारा हिशेब ज्या आकड्यावर उभा आहे, तो आकडा अनेक मालक घरांच्या किमतींच्या निर्देशांकावरून काढतात, हे मला धोक्याचे वाटते. निर्देशांक परिसराची सरासरी सांगतो. आपल्या घराचे गळके छप्पर किंवा लीजची उरलेली वर्षे त्याला ठाऊक नसतात. घर विकायला काढण्यापूर्वीच चार्टर्ड सर्व्हेयरकडून (मालमत्तेचे मूल्यांकन करणाऱ्या मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून) त्या तारखेचे मूल्यांकन करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १

मी असहमत आहे. एकूण नफा मालकीच्या काळावर सारखा वाटून २०१५ नंतरचाच हिस्सा करपात्र धरण्याची, किंवा मूळ खरेदीपासूनचा संपूर्ण नफा-तोटा मोजण्याची मुभाही कायद्यात आहे. समजा, एप्रिल २००५ मध्ये १,५०,००० पौंडांना घेतलेले घर एप्रिल २०२५ मध्ये ३,३०,००० ला विकले. काळाच्या प्रमाणात करपात्र नफा ९०,००० येतो. २०१५ चा भाव १,७०,००० निघाला, तर मूल्यांकनाच्या मार्गाने तोच नफा १,६०,००० होतो. मग फी कशासाठी भरायची?

मूळ लेखकाचे उत्तर

पण तो १,७०,००० निघेल, हे आधी कळणार कसे? तोच भाव २,७०,००० असता, तर नफा ६०,००० वर आला असता आणि २४ टक्के दराने ७,२०० पौंड वाचले असते. कोणता मार्ग घ्यायचा हे ठरवण्यासाठीच मूल्यांकन हवे; शिवाय नफा मोजण्यासाठी आवश्यक अशा मूल्यांकनाची वाजवी फी नफ्यातून वजाही होते.

प्रतिसाद २

दोघांचेही मला पूर्ण पटत नाही. इंग्लंड आणि वेल्समधील विक्रीच्या किमती लँड रजिस्ट्री या सरकारी मालमत्ता-नोंदणी खात्याकडे सर्वांना पाहता येतात. त्याच इमारतीतले तसेच फ्लॅट २०१५ च्या वसंतात विकले गेले असतील, तर तो पुरावा कोणत्याही मतापेक्षा बळकट आहे. उलट, सर्व्हेयर आजचे घर पाहतो. माझ्या बाबतीत २०१८ मध्ये बांधलेली माळ्यावरची खोली २०१५ च्या भावात धरली गेली होती. तिचा खर्च मी वेगळा वजा करणार होतोच, त्यामुळे एकच गोष्ट दोनदा मोजली गेली असती. जुने फोटो दाखवल्यावर आकडा दुरुस्त झाला.

मूळ लेखकाचे उत्तर

फोटोंचा मुद्दा मोलाचा आहे. भाडेकरारही सोबत द्यावा, कारण घर त्या दिवशी भाडेकरूसह होते की रिकामे, यावर भाव बदलू शकतो. मात्र शेजारच्या विक्रींवर विसंबणाऱ्यांनी एचएमआरसी या ब्रिटनच्या कर खात्याकडून आपला आकडा विक्रीनंतर सीजी ३४ अर्जाने विनामूल्य तपासून घ्यावा. त्या तपासणीची वाट पाहत विक्री पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत भरायचे कर विवरणपत्र मात्र थांबवू नये. अनिवासी मालकाला ते कर शून्य निघाला तरी भरावेच लागते.